साताऱ्याच्या नगरसेवकांना खुलं पत्र: मोठ्या दुकानाला परवानगी देण्याआधी गुंठ्याचा हिशेब मांडा

सातारा नगरपरिषदेचे नगराध्यक्ष, सगळे नगरसेवक, आणि सोबत माझ्या पेठेतली दुकानदार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षं पेठेतल्या दुकानांचे हिशेब लिहिते. आधी व्हॅट होता, २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून रिटर्नही भरून देते. किराणा, कापड, भांडी, स्टेशनरी, दोन मेडिकल, एक चपलांचं दुकान, एक पिठाची गिरणी. त्यातले निम्मे जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत आणि एक टक्का टॅक्स. कुणाचा धंदा वाढला कुणाचा बसला हे मला कधीकधी त्यांच्या घरच्यांच्याही आधी कळतं, आणि ते मी बाहेर बोलत नाही, इथेही कुणाचं नाव घेणार नाही. पण गेल्या काही वर्षांत वह्यांमध्ये जे दिसतंय ते पाहून आता गप्प बसवत नाही.

आधीच सांगते, हे पत्र एखाद्या ठराविक कंपनीविरुद्ध नाही आणि एखाद्या ठराविक फाईलबद्दलही नाही. २०२० ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर, तो सगळा त्रिशंकू भाग शहरात आला. शहर पूर्वेला हायवेच्या दिशेने सरकतंय हे सगळ्यांना दिसतंय. तिकडे रुंद रस्ते आहेत, मोठे प्लॉट आहेत, आणि आपली बांधकामाची नियमावली, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू झालेली ती युडीसीपीआर, तिचं साधं गणित असं की रस्ता जेवढा रुंद तेवढं बांधकाम जास्त. म्हणजे नियमच मुळात रुंद रस्त्याच्या बाजूचा आहे. पेठेतली गल्ली दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने आखलेली, तिला या गणितात मार्क कमीच पडणार. त्यामुळे आज ना उद्या तुमच्या टेबलावर एकर-दोन एकरांवरच्या मोठ्या दुकानाची फाईल येणार, एक येईल मग दुसरी येईल, आणि तेव्हा कुणीतरी म्हणेल की साहेब शहराचा विकास होतोय, सही करा. ती सही करण्याआधी तुम्ही एक हिशेब मांडावा एवढंच मला सांगायचंय. पण ते एवढंच नीट कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

मी स्वतः मोठ्या दुकानात जाते. महिन्याचं तेल, साबण, डिटर्जंट, डाळी, एकदम भरून आणते, कारण दोन-तीनशे रुपये वाचतात आणि माझ्यासारख्या पगारदार नसलेल्या बाईला ते मोजावे लागतात. तिथे ट्रॉली असते, एसी असतो, किंमत लिहिलेली असते, कुणी "काय पाहिजे ताई" म्हणून अंगावर येत नाही, लहान पोर बरोबर असलं तरी निवांत फिरता येतं. आणि तिथे कामाला लागलेल्या आसपासच्या गावातल्या मुलींना पीएफ कापून पगार मिळतो, जो माझ्या निम्म्या क्लाएंटच्या दुकानात मिळत नाही, हेही मी लपवणार नाही.

पण स्वस्त का मिळतं तेही मला माहितीये, कारण दुसऱ्या बाजूची बिलं मी बघते. पाकिटबंद मालावर छोट्या किराणावाल्याला एमआरपीच्या आत साधारण आठ-दहा टक्के सुटतात. त्यातून लाईटबिल, पोऱ्याचा पगार, उंदराने कुरतडलेली पाकिटं, एक्स्पायरी झालेला माल आणि उधारी. मोठं दुकान कंपनीकडून थेट ट्रकने माल उचलतं, पेमेंट पटकन करतं, म्हणून त्याला खरेदीतच जास्त सूट मिळते, आणि कंपन्या त्यांच्यासाठी वेगळे मोठे पॅक काढतात जे आपल्या किराणावाल्याला डिस्ट्रिब्युटर देतच नाही. तेव्हा आपला वाणी महाग विकतो तो लुबाडतो म्हणून नाही, त्याला मालच त्या भावात मिळत नाही. हे त्याच्या तोंडून कधी ऐकायला मिळणार नाही कारण गिऱ्हाईकासमोर आपली अडचण सांगायची त्याला लाज वाटते.

२०१२ मध्ये किराण्यात परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली तेव्हा देशभर केवढं रण माजलं होतं. महाराष्ट्राने होकार दिला, तेव्हाचे मुख्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, कराडचे पृथ्वीराज चव्हाण. पण त्या परवानगीलाही अटी होत्या, दहा लाखांच्या वर लोकसंख्येचं शहर पाहिजे, तीस टक्के माल छोट्या उद्योगांकडून घेतला पाहिजे वगैरे. आपलं सातारा २०११ च्या जनगणनेत एक लाख वीस हजारांच्या आसपास, म्हणजे परदेशी कंपनीला आपलं दार बंदच होतं. देशातल्या कंपनीला मात्र यातली एकही अट नाही. तिला फक्त प्लॉट आणि नगरपालिकेची बांधकाम परवानगी लागते. म्हणजे दिल्लीत एवढी चर्चा होऊनही शेवटी साताऱ्याच्या पेठेचं काय होणार हे तुमच्याच टेबलावर ठरतं, आणि म्हणूनच पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

आता पैशाचं बोलू.

लोकांना वाटतं मोठं दुकान आलं म्हणजे नगरपालिकेला मोठं उत्पन्न. जकात होती तोपर्यंत त्यात तथ्य होतं, माल नाक्यावरून आत आला की पैसा पालिकेच्या तिजोरीत. पण नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली. आज त्या दुकानात दिवसाला लाखांची विक्री होऊ दे नाहीतर कोटीची, त्यावरचा जीएसटी राज्याकडे आणि केंद्राकडे जातो. नगरपालिकेला काय, तर बांधकामाच्या वेळी एकदाच मिळणारं विकास शुल्क, आणि मग दर वर्षीची घरपट्टी. बस्स. विक्री दुप्पट झाली म्हणून घरपट्टी दुप्पट होत नाही. घरपट्टी बांधकामावर असते, आणि मोठ्या दुकानाच्या प्लॉटचा केवढातरी भाग हा मोकळं पार्किंग असतो.

त्यामुळे बघायचा आकडा हा एकूण घरपट्टीचा नाही. एकूण आकडा मोठाच दिसणार, एका पावतीवर एवढी रक्कम म्हटल्यावर कुणीही खूश होईल. बघायचं असतं गुंठ्यामागे किती. जमीन ही शहराकडे मोजकीच आहे, एका बाजूला अजिंक्यतारा, एका बाजूला यवतेश्वर, आपण काही पसरत पसरत पुण्यापर्यंत जाणार नाही. शेतकरी सुद्धा एकरी उतारा किती असंच विचारतो. मग शहराने का विचारू नये?

एक वाडा सांगते. मोती चौकापासून चार मिनिटांच्या अंतरावर, पत्ता देत नाही. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन गुंठे. पुढच्या बाजूला चार गाळे. पहिला कटलरीचा, नवरा-बायको बसतात. दुसरा फॉल-पिको आणि मॅचिंगचा, तीन बायका. तिसरा किराणा, दोघे भाऊ आणि दोन पोरं. चौथा पेढ्यांचा, चार माणसं. जिन्याखाली घड्याळवाला, त्याची जागा एवढी की तो खुर्चीत बसला की दार त्याच्या गुडघ्याला लागतं. आतल्या चौकात टेलर, तो आणि दोन कारागीर. माडीवर स्कॉलरशिपचा क्लास, दोन बायका चालवतात. मागच्या बाजूला दोन बिऱ्हाडं राहतात ती वेगळीच. मी एका दुपारी वहीत लिहूनच काढलं, कमावणारी माणसं एकोणीस. साडेतीन गुंठ्यांत एकोणीस.

याच मापाने दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे धरले तर चारशेच्या वर माणसं होतात. मोठ्या दुकानात दोन्ही शिफ्ट, सिक्युरिटी, सफाई सगळं मिळून दीडशे धरू, उदारपणे धरू. तरी निम्मीही होत नाहीत. आणि त्या एकोणिसांपैकी दहाजण तरी स्वतःच्या धंद्याचे मालक आहेत, म्हणजे नफा जो काय चार पैसे होतो तो त्याच रस्त्यावर, त्याच शाळेच्या फीमध्ये, त्याच मंडळाच्या वर्गणीत फिरतो. मोठ्या दुकानाचा दिवसभराचा गल्ला रात्री मुख्य ऑफिसच्या खात्यात गेलेला असतो.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नवीन काही नाही. अमेरिकेत ॲशव्हिल म्हणून एक शहर आहे, तेही डोंगरातलं, तेही लाखाच्या आतबाहेरचं. तिथे जोसेफ मिनिकोझी नावाच्या माणसाने हाच हिशेब एकरावर मांडला. शहराबाहेरच्या वॉलमार्टकडून एकरी साडेसहा हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स मिळत होता. गावातल्या बाजारपेठेत एक जुनी बंद पडलेली दुकानाची इमारत कुणीतरी दुरुस्त केली होती, खाली दुकानं, वर ऑफिसं आणि घरं, तिच्याकडून एकरी सहा लाख चौतीस हजार. जवळजवळ शंभरपट. नोकऱ्यांचं पण तसंच, वॉलमार्टच्या एकरात सहासुद्धा नाहीत, पेठेतल्या एकरात त्र्याहत्तरच्या वर. आता त्यांची कराची पद्धत वेगळी, इमारत उंच, म्हणून आपल्याकडे शंभरपट येईल असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्याकडे तिप्पट येईल, पाचपट येईल, कदाचित जुन्या आकारणीमुळे पेठ मागेही पडेल. जे येईल ते येऊ दे, पण तो आकडा काढलेला तरी असू दे. आज तो कुणाकडेच नाही आणि निर्णय मात्र आकडा असल्यासारखे होतात.

दुसरी एक गोष्ट हिशेबात धरत नाहीत ती म्हणजे मोठं दुकान बंद पडलं तर काय. सुभिक्षा आठवते का, सोळाशेच्या आसपास दुकानं होती त्यांची देशात, २००९ मध्ये सगळी शटर खाली. बिग बझार तर कालपरवाची गोष्ट. २००१ ला सुरू झालेलं, देशातलं प्रत्येक लहान-मोठं शहर ज्याची वाट बघत होतं ते, २०२२ मध्ये जागांची भाडी थकली, कितीतरी जागा रिलायन्सकडे गेल्या आणि कंपनी दिवाळखोरीत. पेठेतलं एक दुकान बंद पडलं तर दोन महिन्यांत तिथे दुसरं कुणीतरी मोबाईल कव्हर घेऊन बसतं. पन्नास हजार स्क्वेअर फुटांची खिडकी नसलेली पेटी बंद पडली तर तिचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, आणि तोपर्यंत पेठेतल्या ज्या दुकानांनी तिच्यामुळे शटर ओढलं ती काही परत उघडायला येत नाहीत. वाण्याचा मुलगा तोपर्यंत हिंजवडीला कॅब चालवत असतो.

तुम्ही म्हणाल की बाई, लोकच तिकडे जातात त्याला आम्ही काय करणार. बरोबर आहे. पण सगळे लोक जात नाहीत, ते बघायला एकदा राजवाडा स्टँडवर सकाळी दहाला उभं राहा. परळी खोऱ्यातून, कासच्या बाजूने माणसं उतरतात, कुणी एसटीने कुणी वडापने. एक आजी असते, हातात वायरची पिशवी, तिला दवाखाना, मेडिकल, नातीसाठी परकराचं कापड, नारळ-अगरबत्ती आणि परतीची गाडी हे सगळं बारा-साडेबाराच्या आत उरकायचं असतं, आणि ते पायी उरकतं कारण सगळं एकमेकाला लागून आहे. पेठ म्हणजे हीच सोय. त्या आजीला हायवेला चार-पाच किलोमीटर पाठवायचं म्हणजे जाताना रिक्षा, येताना रिक्षा, आणि तो रस्ता ओलांडायचा. तिच्यासाठी ते स्वस्त दुकान महागच पडतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला सवलत आणि ज्याच्याकडे नाही त्याचा बाजार बंद, असं शहर करायचंय का आपल्याला?

आणि काही कामं अशी आहेत की जी पेठ गेली की जातातच. मागच्या दिवाळीत भाचीच्या लग्नाची भांडी घेतली. काही मी बाहेरच्या मोठ्या दुकानातून आणली होती, ऑफर होती, चकचकीत, छान होती. त्यांना विचारलं नाव घालून मिळेल का, तर त्या मुलाला प्रश्नच कळला नाही, बिचारा मॅनेजरला बोलवायला गेला. मग ती सगळी भांडी पिशवीत घालून मोती चौकाजवळच्या भांड्यांच्या दुकानात नेली. म्हटलं, तुमच्याकडून घेतली नाहीत, पण नाव घालून द्याल का. ते काका एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्यांनी पितळी डबा मांडीत घेतला, चष्मा वर सरकवला, ते मशीन किर्र करत सुरू केलं आणि मला विचारलं, "तारीख लग्नाची घालू का साखरपुड्याची? आणि मामाकडून घालायचं का आत्याकडून?" माझ्या आईच्या घरी एक स्टीलचा डबा आहे त्यावर १९७८ ची तारीख आहे, तीही याच दुकानात घातलेली, तेव्हा या काकांचे वडील बसायचे. किती झाले विचारलं तर म्हणाले अक्षरामागे जे असतं तेच द्या. त्या दिवशी घरी आल्यावर मला फार वाईट वाटलं, मी ऑफरमध्ये जे वाचवलं ते त्यांच्या गल्ल्यातून वाचवलं होतं.

तीच गोष्ट खण आळीतली. ब्लाउजपीस घेऊन गेलं की मॅचिंगच्या दुकानातली बाई धाग्याचं रीळ दुकानाच्या ट्यूबलाईटखाली दाखवत नाही, उठून पायरीवर येते, उन्हात दोन्ही शेजारी धरते आणि म्हणते हा नाही, हा एक छटा गडद आहे, थांबा. सहा-सात रुपयांच्या रिळासाठी. हे काम कुठल्या कंपनीला परवडणार सांगा.

पण मी पेठेची बाजू घेतेय म्हणजे पेठेत सगळं छान चाललंय असं नाही. उलट पेठेला मोठ्या दुकानापेक्षा पेठेनेच जास्त त्रास दिलाय असं मला कधीकधी वाटतं. दुकानदार मंडळी, हे तुमच्यासाठी. तुमच्या दुकानासमोर सकाळी साडेनऊपासून तुमचीच मोटरसायकल लागलेली असते, मग गिऱ्हाईकाने गाडी लावायची कुठे? दुपारी दीड ते चार शटर अर्धं खाली. २०१७ चा दुकानांचा कायदा आला तेव्हापासून वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवता येतं, कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली की झालं, पण आपण अजून त्याच वेळा धरून बसलोय आणि नोकरी करणाऱ्या बाईला रविवार संध्याकाळशिवाय वेळच नसतो. किंमत लिहिलेली नसते. बदलून द्यायचं म्हटलं की चेहरा बदलतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकत्र खरेदी करत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरातल्या बायकांचे गट करून एकत्र खरेदी करतेय, वारणानगरला सहकारातून वारणा बझार उभा राहिला. ज्या जिल्ह्यांनी साखर कारखाने आणि दूध संघ सहकारात चालवले तिथल्या पन्नास वाण्यांना एकत्र येऊन तेलाचा एक टँकर का उतरवता येऊ नये? त्याचे हिशेब मी लिहीन, पहिलं वर्ष फुकट लिहीन.

आता पुन्हा तुमच्याकडे येते. पेठेत एखादी बाई दोन तास खरेदीला आली तर तिला मध्ये कुठे जाता येईल याचा विचार करा. मोठ्या दुकानाचं आकर्षण काय असं मी माझ्या दहा मैत्रिणींना विचारलं तर सहाजणींनी भाव सांगितला नाही, स्वच्छ बाथरूम सांगितलं. राजपथावर आणि खालच्या रस्त्यावर मिळून बायकांसाठी चांगली, पाणी असलेली, कुणीतरी बसून सांभाळणारी स्वच्छतागृहं आणखी झाली तर पेठेचा धंदा वाढेल, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते, समाजसेवा म्हणून नाही. एका ग्रेड सेपरेटरच्या, म्हणजे चौकाखालून काढलेल्या रस्त्याच्या, खर्चात अशी किती होतील ते तुम्हीच बघा.

गाड्यांचं म्हणाल तर गंगटोक बघा. तेही लाखभर वस्तीचं, डोंगरउतारावरचं, अरुंद रस्त्यांचं शहर. त्यांनी आपला मुख्य बाजाराचा रस्ता, एमजी मार्ग, गाड्यांना बंद केला, फरशी घातली, मधोमध झाडं आणि बाकं. आज सगळं शहर संध्याकाळी तिथे येऊन बसतं आणि दुकानं चालतात. दिल्लीत चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत दिवसा गाड्या बंद केल्या. पुण्याने २०२१ च्या डिसेंबरात लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस पादचारी दिन केला. आपण एकदम काही करू नका, मोती चौक ते पाचशे एक पाटी एवढाच तुकडा, महिन्यातला एक रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ. वडीलधाऱ्यांसाठी दोन्ही टोकांना ई-रिक्षा. मालाचे टेम्पो सकाळी नऊच्या आत. सहा महिने करून बघा आणि गल्ल्यात फरक काय पडला ते दुकानदारांना विचारा, नाही पडला तर बंद करा.

वाड्यांचं जरा अवघड आहे. पाडू नका म्हणून नुसतं सांगून वाडा उभा राहत नाही. आत जुना भाडेकरू, त्याचं भाडं १९९९ च्या भाडे कायद्यात अडकलेलं, वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा, पण मूळ भाडंच तीस-चाळीस रुपये असेल तर चार टक्क्यांनी काय होणार, एक कौल पण बदलून होत नाही. मालकाचे वारस अकरा, त्यातले तीन परदेशात, एक बोलत नाही. मग पावसाळ्यात मागची भिंत बसते आणि नोटीस लागते, धोकादायक इमारत. त्यानंतर येतं ते शटरचं कॉम्प्लेक्स, चार मजली, खाली गाळे महाग, वर कुणी चढत नाही. नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतूद आहे, शहर आपली यादी करू शकतं, वाडा जपणाऱ्याला त्याच्या न वापरलेल्या बांधकामाचा टीडीआर, म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क, मिळू शकतो. ती यादी करा. आणि जो मालक पुढची लाकडी माडी, महिरप, ओटा तसाच ठेवून दुरुस्ती करेल त्याला काही वर्षं घरपट्टीत सवलत मिळवून द्या, त्यासाठी ठराव करून वर पाठवावा लागला तर पाठवा. ही सवलत किती जाते आणि मोठ्या प्लॉटसाठी रस्ता रुंद करायला, नाला वळवायला, सिग्नल बसवायला किती खर्च जातो ते शेजारी शेजारी लिहा.

तर माझं मागणं असं. दहा हजार स्क्वेअर फुटांच्या वरच्या कुठल्याही दुकानाची फाईल आली की तिच्यासोबत एक पान जोडलेलं असावं. त्या प्लॉटची वर्षाची घरपट्टी भागिले गुंठे. तिथे कामाला लागणारी माणसं भागिले गुंठे. त्या दुकानासाठी शहराने करायचा रस्ता, ड्रेनेज, पाणी, दिवे यांचा खर्च, आणि त्यातला किती बिल्डर देणार. आणि खाली तुलनेला पेठेतल्या पाच मिळकतींचे हेच आकडे. हे पान सभेत वाचून दाखवा आणि नगरपालिकेच्या फलकावर लावा. आराखड्यात झोन बदलायचा असेल तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या ३७ कलमाखाली हरकतींना महिनाभर द्यावाच लागतो, पण ती नोटीस पेपरच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात येते आणि पेठेतल्या माणसाला ती कळेपर्यंत मुदत संपलेली असते. तेव्हा ती नोटीस मोती चौकात मोठ्या अक्षरात लावा, आणि आकडे बघून, ऐकून, सगळं होऊन तुम्हाला वाटलं की दुकान यावं, तर येऊ दे, मी विरोधाला उभी राहणार नाही. आकडे न बघता आलं तर मात्र राहीन.

पहिलं पान तयार करायला माणूस नाही असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते. घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर आणि पेठेच्या मिळकतींची क्षेत्रं मला बघायला द्या. सप्टेंबरचे रिटर्न २० ऑक्टोबरला संपतात, त्यानंतर दिवाळीची गडबड सोडली तर माझ्याकडे चार रविवार मोकळे आहेत. सोबत दोन मुली येतील, बी.कॉम. झालेल्या, एक्सेल चांगलं येतं त्यांना. मोती चौक, खण आळी, सदाशिव पेठ एवढा भाग आम्ही करून देऊ. बसायला एक टेबल आणि लाईट असलेली खोली लागेल.

आपली,
शनिवार पेठेतली एक हिशेब लिहिणारी